सुकाणू दुसऱ्याच्या हातात असताना



आपल्या पेडण्यातील केरीहून शिडाच्या होडीनं दक्षिणेला निघालं की हरमल, मांद्रे, मोरजी डाव्या हाताला मागे पडत जातात. पावसाळा सरल्यावर दुपारी वायव्येचा वारा पाठीशी असतो. सोबत चार मित्र, शिदोरी, गप्पा. पण रात्र झाली की प्रश्न येतो : झोपायचं कोणी?

गाडी रस्त्याच्या कडेला लावता येते. होडीचं तसं नाही. एकानं झोपायचं तर दुसऱ्यानं जागं राहायलाच हवं.

डिचोलीत नार्व्याला श्री सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला आपण जातो, तिथून फेरीबोटीनं दिवाडी बेटावर जाता येतं. त्याच बेटावर भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका बांधली गेली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी 2 ऑक्टोबर 2024 रोजी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 29 मे 2025 रोजी परतल्या. वाटेत ‘निमो बिंदू’ आला. तिथून सर्वांत जवळची जमीनसुद्धा सुमारे 2,688 किलोमीटर दूर! अशा ठिकाणी डोळे मिटायचे, तर जागी असलेल्या सखीवर केवढा विश्वास हवा!

आपण म्हणतो, जागणं ही साधना. खरंच आहे. पण सोबत्याच्या हाती सुकाणू देऊन निवांत झोपणं हीसुद्धा साधनाच. कारण तिथे ‘माझ्यावाचून चालणार नाही’ हा अहंकार सोडावा लागतो.

मग हा आंधळा विश्वास का? नाही. त्या दोघींनी आधी 3 वर्षं कसून तयारी केली होती. विश्वास शिकवण्यातून आणि शिकण्यातून येतो. आणि जागणाऱ्याचाही धर्म आहे : शंका आली की झोपलेल्याला उठवायचं. ‘मला जमत नाही असं वाटेल’ म्हणून गप्प राहणं हाही अहंकारच, आणि त्यात होडी बुडते.

आता आपलं घर बघा. मुलगा चाळिशीचा झाला तरी दुकानाच्या गल्ल्याची चावी वडिलांच्याच कमरेला. सून दहा वर्षं स्वयंपाक करते, तरी मिठाचा अंदाज सासूबाईंचाच. आपण याला काळजी म्हणतो. पण ज्याच्या हाती कधी सुकाणू दिलंच नाही, तो वादळात ते कसं धरणार? आणि दिल्यावर पुन्हा पुन्हा उठून बघत राहिलो, तर दिलं असं म्हणायचं का?

दुसरीकडे, तरुणांनी ‘आई, हे कसं करू?’ असं विचारण्यात कमीपणा मानू नये.

या आठवड्याचा संकल्प : घरातलं एक काम मनापासून दुसऱ्यावर सोपवूया. आधी नीट शिकवूया, मग मध्ये न बोलता त्याला करू देऊया. कोणतं काम सोपवलं, ते आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर जरूर सांगा.

जय गुरुदेव 🙏