सरळ रेघ कोणाची?

सरळ माणसाच्या सरळपणात त्याचा स्वतःचा वाटा किती, हा प्रश्न मला बोदलकसा तलावाच्या पाळीवर पडला. लोक तिथे हिवाळ्यात पाहुणे पक्षी बघायला जातात. आम्ही गेलो होतो विमान उडवायला. विमान म्हणजे हातभर लांबीचं, बाल्सा लाकडाचं, हाताने फेकायचं.

ते नातवाने जोडलं होतं. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरची शिकाऊ विमानं त्याने पाहिलेली, त्यामुळे पांढऱ्या अंगावर लाल पट्टा हवाच! रंगाचं खातं माझ्याकडे आलं. न दिसणाऱ्या बाजूने कामाला सुरुवात करावी, हा कचेरीतला शिरस्ता. म्हणून आधी पंखांच्या पोटाला हात घातला. मास्किंग टेप चिकटवली, लाल रंग फासला, टेप काढली. रंग खाली झिरपून पट्ट्याची चक्क गोम झाली होती!

शेवटी चौकातल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला शरण गेलो. तो म्हणाला, "कड नखाने दाबा, काकाजी. मग तिच्यावरून पहिले पांढराच रंग फिरवा. जे झिरपायचं ते पांढऱ्यात पांढरं झिरपते. फट बुजली की मग लाल मारा. अन् टेप उपटू नका, उलटी दुमडून हळूहळू काढा."

वरची बाजू तशी रंगवली. रेघ अशी उमटली की मीच बघत राहिलो. ही टेप 1925 साली अमेरिकेत रिचर्ड ड्रू नावाच्या गृहस्थाने काढली. तेव्हा दुरंगी मोटारींची फॅशन होती आणि दोन रंगांमधली रेघ साधताना रंगाऱ्यांची पंचाईत व्हायची. म्हणजे पट्टीच्या रंगाऱ्यांनाही पट्टी लागतेच!

पण पाळीवर शेजारी म्हणाले, "वा! हात काय सरळ आहे हो तुमचा!" आणि मी बोलून गेलो, "पस्तीस वर्षं हिशेबाच्या वह्यांत रेघा मारल्यात म्हटलं!"

नातवाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा ऑडिटर परवडला.

पस्तीस वर्षांत एक पैसा खाल्ला नाही, हेही मी असंच छाती काढून सांगत आलोय. खरं म्हणजे माझ्या टेबलावर खाण्यासारखं काही येतच नव्हतं. वर साहेब, बाजूला ऑडिटर. दोन्हीकडून टेप मारलेली. मग ती रेघ माझी की टेपची? कचेरीच्या पेन्सिली मात्र घरी यायच्या. तिथली कड कोणी दाबली नव्हती.

पेंटरचं म्हणणं आता कळतंय. टेप कितीही चांगली असो, फट राहतेच. त्या फटीत आधी आपला रंग गेलाय की नाही, एवढाच प्रश्न. माझ्याकडून तो हात फिरवायचा राहिला होता.

तेवढ्यात नातवाने विमान सोडलं. ते झकास वर गेलं, गिरकी खाल्ली आणि नेमकं उताणं पडलं. गोम आकाशाकडे!

"अरे, हे काय?" शेजारी म्हणाले.

नातू माझ्याकडे बघत होता.

"हा डाग माझा," मी म्हणालो, "वरची रेघ टेपची."

"अन् विमान माझं, आबाजी!" तो हसून म्हणाला आणि ते उचलून पुन्हा पाळीवर धावत गेला.