सावली सरकते, दावे सरकत नाही

वैशाखातील दुपारी रानातील हरिण झाडाचा आश्रय घेते, सुटी म्हैस डबक्यात जाऊन बसते, मोकळे कुत्रे ओल्या मातीत खळगा उकरून त्यात पोट टेकते. उन्हापासून वाचण्याची बुद्धी भगवंताने प्रत्येक जीवास दिली आहे. परंतु ज्याच्या गळ्यात मनुष्याने दावे घातले, त्याची ती बुद्धी निरुपयोगी होते. सकाळी छायेत बांधलेले जनावर मध्यान्ही उन्हात येते. सावली सरकते, दावे सरकत नाही. ज्याने गाठ मारली, त्यानेच त्या जीवाच्या छायेचा व पाण्याचा भार स्वीकारला, आणि हे ऋण केवळ देवघरात बसून फिटत नाही.

ज्ञानी पुरुषाची समदृष्टी सांगताना गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंतांनी ब्राह्मणाबरोबर गाय, हत्ती आणि कुत्रा यांचीही नावे घेतली आहेत. सोळाव्या अध्यायात भूतदया दैवी संपत्तीत गणली आहे. हे अध्याय ज्याला मुखोद्गत आहेत, त्याच्याच अंगणातील पाण्याचे भांडे दुपारी कोरडे असावे, यापरती विसंगती कोणती? एकनाथमहाराजांनी रामेश्वरासाठी नेलेली कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. दारच्या जनावराला तर गंगाजलही नको. विहिरीचे वा नळाचे पाणी पुरते.

कुत्र्याला मनुष्याप्रमाणे सर्वांगास घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. कोंदट खोलीत, तापलेल्या पत्र्याखाली किंवा बंद मोटारीत तो उपायही थकतो. चपट्या तोंडाची कुत्री सर्वांआधी गळून जातात. म्हशीची कातडी काळी आणि घाम थोडा, म्हणून डुंबणे ही तिची चैन नव्हे. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांविषयी तर १९६५ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट सांगितले आहे की, जेथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तेथे दुपारी बारा ते तीन त्यांना जुंपू नये. जे धर्माने आधीच सांगितले होते, ते कायद्याला लिहावे लागले!

म्हणून खुंटी ठोकण्यापूर्वी दुपारची सावली कोठे पडेल ते पाहावे. पाणी पसरट, जड भांड्यात ठेवावे व दिवसातून अनेकदा बदलावे. पिंजरा गच्चीवर विसरू नये. कुत्र्याला फिरवणे पहाटे किंवा तिन्हीसांजेनंतर. रस्त्यावर आपला तळहात टेकवत नसेल, तर त्याचा पंजाही तेथे टेकू देऊ नये. जनावर लाळ गाळू लागले, झोकांड्या खाऊ लागले, तर तत्काळ छायेत न्यावे, मान, पोट व पाय गार पाण्याने भिजवून वारा घालावा, शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पाजावे, आणि भिजवणे चालू ठेवूनच पशुवैद्याकडे न्यावे.