विज्ञानकादंबरी आणि वाचकाचा अधिकार

विज्ञानकादंबरीविषयी चार वाचकांत बोलणे सुरू झाले, की एक आक्षेप हमखास ऐकू येतो. एखादी गृहिणी वा निवृत्त कारकून आपले मत मांडू लागला, म्हणजे शास्त्र शिकलेला कोणी गृहस्थ मध्येच विचारतो, ‘पण यातले शास्त्र आपल्याला कळते काय?’ हा प्रश्न उर्मटपणाचा वाटला तरी उडवून लावण्यासारखा नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी ग्रंथारंभी विषय, प्रयोजन आणि संबंध यांच्या जोडीला ‘अधिकारी’ कोण, हेही सांगण्याचा दंडक घातला होता. मग विज्ञानकादंबरीचा अधिकारी वाचक कोण? तंजावरच्या राजवाड्याचा परिसर हा या प्रश्नाच्या विचाराला मोठा अनुकूल आहे; तो कसा, ते पुढे येईलच.

प्रथम आक्षेपातील तथ्य मान्य केले पाहिजे. कादंबरीतील यंत्र निसर्गनियमांना सोडून चालत असेल, तर ती चूक जाणकारालाच दिसणार. शिवाय अजाण मत नेहमीच निरुपद्रवी असते असे नाही. कल्पित संकट खरे मानून लोक एखाद्या औषधाचा वा यंत्राचा अकारण धसका घेतात, आणि असा धसका तर्कापेक्षा लवकर पसरतो.

परंतु या कादंबऱ्या वाचकापुढे नेमके काय ठेवतात? जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान उत्खननातून हाती येते आणि त्याच्या बळावर विचार करणारे यंत्र घडविले जाते. काझुओ इशिगुरो यांच्या ‘नेव्हर लेट मी गो’ या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीत काही मुले एका निवासी शाळेत प्रेमाने वाढविली जातात. ती मुळात घडविलेलीच असतात ती पुढे त्यांचे अवयव इतरांसाठी काढून घेण्याकरिता. तंजावरकर मराठी माणूस घरात मराठी बोलतो आणि तमिळ साप्ताहिकेही आवडीने वाचतो. ‘आनंद विकटन’मध्ये क्रमशः आलेल्या सुजाता यांच्या ‘एन् इनिय इयंदिरा’ या कादंबरीतला जीनो नावाचा यंत्रकुत्रा तमिळ वाचकांच्या घरचाच होऊन बसला. माणसांच्या जगण्यामरण्यावर सरकारची हुकमत असलेल्या राज्यात हा कुत्रा स्वतः विचार करू लागतो.

या तिन्ही कृतींत यंत्र वा देह कसा घडविला, हा प्रश्न गौण आहे. इशिगुरोंनी तर ती कृती जवळजवळ सांगितलेलीच नाही. सापडलेले ज्ञान वापरावे की पुन्हा पुरून टाकावे, एकाच्या आयुष्यासाठी दुसऱ्याचे आयुष्य खर्ची घालावे काय, विचार करणाऱ्या वस्तूला वस्तूच म्हणावे काय, हे प्रश्न मुख्य आहेत. त्यांचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. दुसरे सरफोजीराजे यांच्या काळी तंजावरात नेत्ररोग्यांवर जे उपचार झाले, त्यांच्या सचित्र नोंदी सरस्वती महालात आजही जपून ठेवलेल्या आहेत. डोळ्यावर शस्त्र कसे चालवावे, हे वैद्यच जाणे. परंतु ते चालवू द्यावे की नाही, हे ज्याचा डोळा त्यालाच ठरवावे लागते. विज्ञानकादंबरीचा वाचक हा त्या रोग्याच्या जागी बसलेला असतो. वैद्यकाचे अज्ञान हे त्याच्या मताला बाधक नव्हे.

खुद्द शास्त्रज्ञांनाही हा भेद कळला होता. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेसाठी नारळीकरांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. आपल्या कीर्तीचे वजन निर्णयावर पडू नये, हाच त्यांचा हेतू. ज्याचा अधिकार निर्विवाद, त्याने तो बाजूला ठेवून निवाडा मागितला. मग ज्याच्यापाशी तसा अधिकार नाही, त्याने तोंड मिटून का बसावे?

तंजावरच्या परंपरेचाही कौल हाच आहे. सरफोजीराजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यकृतीत पृथ्वीवरील खंडांचे आणि देशांचे वर्णन आहे. त्या काळी हे ज्ञान इकडे नवीन होते, आणि ते राजाने पंडिताच्या तोंडी न घालता, गावोगाव फिरून भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या मुखाने गाऊन दाखविले. नवे ज्ञान रंगभूमीवर आणावयाचे म्हणजे ते सर्वांच्या कानांवर घालावयाचे, आणि ज्याच्या कानांवर घातले त्याला बोलण्यापासून रोखता येत नाही. राजांचा हा ग्रंथसंग्रह १९१८ साली सार्वजनिक झाला, तेव्हा राजवाड्याचे दारही याच न्यायाने उघडले.

तथापि अधिकार आला म्हणजे कर्तव्यही आलेच. सामान्य वाचकाने ‘हे खोटे आहे’ असे म्हणण्यापूर्वी ‘हे मला समजले नाही’ असे म्हणण्याची तयारी ठेवावी. पुस्तक संपूर्ण वाचावे. कल्पनेला बातमीचे रूप देऊ नये. जाणकारानेही चूक दाखवावी, पण ती दाखविल्यावर माणसाचा प्रश्न मिटला असे समजू नये.

या साऱ्याचा आग्रह एवढ्याचसाठी, की हा केवळ फावल्या वेळेच्या गप्पांचा प्रश्न नाही. रोग्याचे निदान, मजुराचे काम, मुलांचे शिक्षण यांत विचार करणारी यंत्रे आज शिरत आहेत, आणि त्यांविषयीचे निर्णय आपल्या सर्वांच्या नावाने घेतले जात आहेत. अशा निर्णयांचा सराव करण्यास सामान्य माणसाला कादंबरीसारखी दुसरी जागा नाही. तेथे चुकले तर कोणाचे प्राण जात नाहीत आणि मत बदलले तर कोणी हसत नाही. पुस्तकापुढे ‘मला काय कळते’ म्हणून गप्प राहण्याची सवय ज्याला लागली, तो उद्या प्रत्यक्ष प्रसंगीही गप्पच राहील. मग त्याच्या डोळ्याचा निर्णय दुसराच कोणी तरी घेईल.