निःशब्द वाटेचे ऋण

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात वाय नावाची एक लहानशी नदी बक्स्टनकडून बेकवेलच्या दिशेने वाहते. चुनखडीचे डोंगर कापीत, वळणावळणाने जाणाऱ्या या नदीच्या खोऱ्यातून सुमारे १४ किलोमीटर लांबीची एक वाट गेली आहे. तिला मॉन्सल ट्रेल म्हणतात. या वाटेवर मोटारींना मज्जाव आहे. पादचारी, सायकलस्वार आणि क्वचित घोडेस्वार एवढ्यांचाच तेथे वावर असतो. खोरे अवघड, कडे उभे. तरीही सायकलस्वाराला येथे फारसे श्रम पडत नाहीत, कारण ही वाट मुळात लोहमार्ग होती. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून मजुरांनी डोंगर फोडून, बोगदे खणून, दऱ्यांवर दगडी कमानी उभारून हा सौम्य उतार घडविला. १८६३ मध्ये मिडलंड रेल्वेचा हा मार्ग बक्स्टनला पोहोचला आणि १९६८ मध्ये बंद झाला. १९८१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाने तो वाटसरूंना खुला केला. बोगदे मात्र बंदच होते. चार मोठे बोगदे, प्रत्येकी सुमारे ४०० मीटर लांबीचे, २०११ मध्ये दिवे लावून खुले करण्यात आले, तेव्हा ही वाट खऱ्या अर्थाने सलग झाली.

या वाटेवरून जाणाऱ्याला जो आनंद लाभतो तो निर्विवाद आहे. पाण्याचा आवाज, पाखरांचा आवाज आणि चाकांची मंद सरसर यांखेरीज तेथे दुसरा ध्वनी नाही. परंतु वाटेच्या कडेला चुनाभट्ट्यांच्या प्रचंड भिंती उभ्या आहेत, आणि खाली नदीकाठी लिटन व क्रेसब्रुक येथे दोन जुन्या सूतगिरण्या दिसतात. ही शांतता आदिम नव्हे. ती कोलाहलाच्या मागून आलेली आहे. ज्या जागेच्या रमणीयतेत परक्यांचे कष्ट आणि यातना मुरलेल्या आहेत, त्या जागेचा निर्भेळ आनंद घेणे नैतिकदृष्ट्या उचित आहे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. हा प्रश्न एका खोऱ्यापुरता नाही. किल्ले, घाट, लेणी, धरणे अशा कितीतरी रम्य स्थळांपाशी तो उभा असतो. तथापि वाय नदीच्या खोऱ्यात तो विशेष स्पष्टपणे दिसतो, कारण तेथे त्याची दोन भिन्न रूपे शेजारी शेजारी आढळतात.

पहिले रूप रेल्वेचे. जॉन रस्किन या थोर कलामीमांसकाने या लोहमार्गाविरुद्ध १८७१ मध्ये अत्यंत जळजळीत शब्दांत लिहिले. देवतांनी वस्ती करावी असे हे खोरे पैशाच्या लोभापायी फोडले गेले, आणि एका गावच्या मूर्खाला दुसऱ्या गावी अर्ध्या तासात पोहोचता यावे एवढाच त्याचा लाभ झाला, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याची तक्रार केवळ दगडमातीच्या नासाडीची नव्हती. वेग माणसाची पाहण्याची शक्ती हिरावून घेतो, ही त्यामागची खरी व्यथा होती.

काळाने या तक्रारीला मोठे विलक्षण उत्तर दिले. मॉन्सल हेड येथील ज्या पाच कमानींच्या पुलामुळे दरी विद्रूप झाली असे मानले गेले, तोच पूल १९७० मध्ये संरक्षित वास्तूंच्या सूचीत समाविष्ट झाला. आज दरीचे चित्र त्याच्यावाचून कोणी काढीत नाही. रस्किनचा निर्णय चुकला, असे यावरून म्हणता येईल काय? तसे म्हणणे घाईचे ठरेल. पूल सुंदर वाटू लागला तो गाड्या थांबल्यानंतर. सायकलस्वार त्यावरून हवे तेव्हा थांबत, कठड्याशी टेकून खाली वाहणारी नदी पाहत जातो. रस्किनला जे पाहणे हवे होते तेच, त्याने धिक्कारलेल्या बांधकामावर उभे राहून, आज शक्य झाले आहे. येथे भारतीय वाचकाला आणखी एका प्रसंगाचे स्मरण होईल. रस्किनचे ‘अन्टू धिस लास्ट’ गांधीजींनी १९०४ मध्ये वाचले ते जोहान्सबर्गहून डर्बनला जाणाऱ्या आगगाडीत. रेल्वेच्या टीकाकाराचा विचार रेल्वेच्याच डब्यात एका माणसाचे आयुष्य बदलून गेला. साधनांचा परिणाम त्यांच्या निर्मात्यांच्या हाती राहत नाही आणि त्यांच्या टीकाकारांच्याही हाती राहत नाही, हेच यातून दिसते.

निसर्गाला झालेली जखम अशा रीतीने भरून येऊ शकते. खोदलेल्या कड्यांवर पुन्हा गवत उगवते, खडीवर रानफुले येतात आणि हानीचे रूपांतर नव्या उपयोगात होते. पण खोऱ्यातील दुसरे रूप असे निवळत नाही.

रिचर्ड आर्कराइटने १७६९ मध्ये सूत कातण्याच्या नव्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १७७१ मध्ये डरवेंट नदीच्या खोऱ्यात क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या बळावर चालणारी गिरणी उभारली. वाय ही त्याच डरवेंटला मिळणारी नदी. तिच्या काठी लिटनची गिरणी १७८२ मध्ये उभी राहिली. रान दुर्गम होते, पाणी मुबलक होते, माणसे मात्र नव्हती. तेव्हा शहरांतील निराश्रितगृहांमधून अनाथ मुले ‘उमेदवार’ म्हणून आणली गेली. लंडनच्या सेंट पँक्रस येथील रॉबर्ट ब्लिंको हा त्यांपैकी एक. १७९९ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास, तो प्रथम नॉटिंगहॅमजवळच्या एका गिरणीत आणि काही वर्षांनी तेथून लिटनला पाठविला गेला. त्याच्या तोंडून ऐकून जॉन ब्राउन याने लिहिलेले चरित्र १८३२ मध्ये पुस्तिकारूपाने निघाले. मारहाण, उपासमार, डुकरांच्या डोणीतील पिठाचे गोळे चोरून खाणारी मुले, आणि मेलेल्या मुलांची संख्या डोळ्यांत भरू नये म्हणून दोन वेगळ्या गावांच्या दफनभूमींत केलेली त्यांची विभागणी, असे त्यात नमूद आहे. त्यातील तपशिलांच्या अचूकतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु १८३३ मध्ये सरकारी चौकशीपुढे साक्ष देताना, स्वतःच्या मुलांना गिरणीत धाडण्यापेक्षा त्यांना काळ्या पाण्यावर पाठविलेले पत्करेन, अशा आशयाचे उत्तर याच माणसाने दिले. त्या उत्तराचे वजन मतभेदांनी कमी होत नाही. उमेदवार मुलांकडून दिवसाला १२ तासांहून अधिक काम घेऊ नये असा कायदा १८०२ मध्येच झाला होता. पाळला जाईल अशी व्यवस्था तेवढी नव्हती.

आज लिटन आणि क्रेसब्रुकच्या गिरण्यांत सुबक सदनिका आहेत. इमारतींना नवा उपयोग लाभला, हे योग्यच झाले. त्या पाडून टाकल्याने कोणाचेही दुःख हलके झाले नसते. परंतु पुलाच्या बाबतीत जो युक्तिवाद करता आला तो येथे करता येत नाही. दरीची हानी दरीलाच भरून मिळाली. मुलांची हानी मात्र मुलांना भरून मिळाली नाही, आणि ती त्यांच्या वतीने स्वीकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. काळ सर्व काही विसरायला लावतो, हे खरे. पण विसरणे आणि फेडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. रमणीयतेचा धोका नेमका असा की ती या दोहोंतील भेद पुसून टाकते.

शिवाय या शांततेचा हिशेब खोऱ्याच्या सीमेत पुरा होत नाही. गाड्या बंद झाल्या म्हणून माणसांचा आणि मालाचा प्रवास थांबला नाही, तो मोटाररस्त्यांवर गेला. म्हणूनच या मार्गावर पुन्हा रेल्वे सुरू करावी अशी मागणी वेळोवेळी होत आली आहे, आणि ती केवळ नफ्याच्या नव्हे तर पर्यावरणाच्याही नावाने होते. सूतकताईचेही तसेच. आर्कराइटच्या यंत्रामुळे ताण्याला पुरेसा बळकट सुती धागा इंग्लंडमध्ये निघू लागला. हिंदुस्थानी कापडाच्या स्पर्धेला तोंड देणारा तो उद्योग पुढे याच देशातील हातकताईच्या मुळावर आला. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची स्थापना केली, तेव्हापासून ते चक्र येथेही फिरू लागले. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याच्या सुटीची मागणी केली, हा त्याच कथेचा मराठी अध्याय होय. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील भोंगेही थांबले. धुराड्यांच्या जागी उंच इमारती आल्या. पण वस्त्रांची गरज थांबली नव्हती. ते काम अन्यत्र सरकले. २०१३ मध्ये बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुतेक तयार कपडे शिवणारे कामगार होते. एका खोऱ्यातील शांतता दुसरीकडे चाललेल्या यंत्रांच्या आधाराने टिकते, ही जाणीव सुखद नाही. पण तिच्यावाचून त्या शांततेचे वर्णन अपुरे राहते.

यावर एक आक्षेप संभवतो. पृथ्वीवरील प्रत्येक जागेखाली कोणाचे तरी दुःख पुरलेले आहे. असा विचार करीत गेल्यास कोणताही आनंद निर्दोष उरणार नाही. हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर पापाच्या कल्पनेतून मिळत नाही, कारण आज सायकलवरून जाणाऱ्याने लिटनच्या मुलांवर कोणताही अन्याय केलेला नाही. भारतीय परंपरेतील ऋणाची कल्पना येथे अधिक उपयोगी पडते. ऋण हे दोषामुळे जडत नाही, ते जन्मामुळे जडते. देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांची चर्चा नेहमी होते. शतपथ ब्राह्मणात चौथे ऋण मनुष्यांचे सांगितले आहे आणि ते अन्न व आश्रय देऊन फेडावे असे म्हटले आहे. लिटनच्या मुलांना नेमके हेच दोन मिळाले नाहीत, हा योगायोग मन अस्वस्थ करणारा आहे. पाप मानले की माणूस आनंदापासून दूर पळतो, किंवा पाप नाकारून निर्धास्त होतो. ऋण मानले तर आनंद घेता येतो, मात्र तो फुकटचा आहे असा समज बाळगता येत नाही.

हे ऋण मृतांना परत करता येत नाही. ते जिवंतांनाच द्यावे लागते. ज्या मुलांच्या वाट्याला आजही शाळेऐवजी यंत्र येते, ज्यांच्या कामाच्या जागा आजही सुरक्षित नाहीत, त्यांच्या बाबतीत कायदा केवळ कागदावर राहू नये यासाठी आग्रह धरणे, हा त्या फेडीचा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग त्याहून लहान आहे, पण त्यावाचून पहिला सुचणार नाही. तो म्हणजे पाहणे. आगगाडीतील प्रवाशाला लिटनची गिरणी क्षणभर दिसून नाहीशी होत असे. सायकलस्वाराला ती बराच वेळ दिसत राहते, आणि थांबायचे की नाही हे त्याच्या हाती असते. बोगद्याच्या काळोखातून उजेडात आल्यावर तो क्षणभर थांबला, खाली नदीकाठच्या त्या खिडक्यांकडे पाहून तेथे कोण राबत होते हे त्याने स्वतःला विचारले, आणि मग पुन्हा पायटा मारून पुढे निघाला, तर त्याच्या आनंदात काही उणे होणार नाही. तो आनंद कोणाच्या कष्टांवर उभा आहे हे मात्र त्याला ठाऊक असेल.