माउलीची पाठ

बाळाला पाजताना आईची मान खाली जाते, खांदे पुढे येतात, पाठीला पोक येतो. नवजात बाळ दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पितं. एका वेळेची 20 मिनिटं धरली तरी सुमारे पावणेतीन ते चार तास ती अशीच वाकलेली असते. गरोदरपणात ताणलेले पोटाचे स्नायू अजून सैल असतात, त्यामुळे कंबरेला पुढून आधार कमी पडतो. पाठ भरून येते. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "आई झालीस ना, एवढं सोसायचंच."

हे सोसणं खरंच धर्म आहे का?

गीता तसं मानत नाही. शरीराचे हाल करणाऱ्या घोर तपाला सतराव्या अध्यायात श्रीकृष्ण आसुरी म्हणतात. त्या देहात वसणाऱ्या भगवंतालाच त्याची पीडा होते. सहाव्या अध्यायातल्या साधकाला तर धड, मान आणि डोकं सरळ ठेवून बसायला सांगितलं आहे. पतंजलींना आसन हवं ते स्थिर आणि सुखाचं. 'कुमारसंभवा'त बटूच्या वेषातला शंकर तपाला बसलेल्या पार्वतीला विचारतो, अंगाला झेपेल तेवढंच करतेस ना? साक्षात पार्वतीची ही विचारपूस होते, मग बाळंतिणीची का होऊ नये?

चरकसंहितेत प्रसूतीनंतर पोटाला तेल-तूप चोळून मोठं वस्त्र गुंडाळायला सांगितलं आहे. आपल्याकडेही सव्वा महिना मालीश, शेकशेगडी, डिंकाचे लाडू असतात. सव्वा महिना सरला की मदतीचे हात पांगतात, पाजणं मात्र चालूच राहतं. खरी उणीव इथे आहे.

पाजताना पाठीमागे भिंत किंवा लोड हवा, पायाखाली पाट, मांडीवर उशी. आईने बाळाकडे वाकू नये, बाळाला वर छातीशी घ्यावं. दिवसातून दोनदा खांद्यांची पाती मागे जवळ आणून पाच आकडे मोजावेत. उताणं झोपून, गुडघे दुमडून, श्वास सोडताना कंबर हलकेच जमिनीला टेकवावी. पुढे झेपेल तसं मार्जारासन. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. पाय बधिर पडले, लघवीवरचा ताबा सुटला किंवा ताप आला, तर थेट दवाखाना गाठावा.

व्यायामाच्या एवढ्या वेळात बाळ कोणाकडे, हा प्रश्न मात्र एकट्या आईने सोडवायचा नाही. पाजून झाल्यावर ढेकर काढायला बापाने बाळाला खांद्यावर घेतलं, तरी तिला तेवढा वेळ पाठ टेकता येते.