चाचणीनंतरचा दिवस

लातूरच्या उद्योग भवन परिसराला आता सगळे ‘ट्यूशन एरिया’ म्हणूनच ओळखतात. फ्लेक्सवर नीटचे गुण झळकतात, मेसमध्ये जेवता जेवता पोरं कालच्या टेस्टमधले निगेटिव्ह मोजतात. रोजची टेस्ट, आठवड्याची टेस्ट, सराव पेपर, रँक. या गावात मुलांना तपासायचं राहून जातं, असं कोणी म्हणणार नाही. याच जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत 2010पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन चालू आहे. मुलाला वर्षभर पारखत राहणाऱ्या या दोन रीती एकाच जिल्ह्यात नांदतात, पण एकीचं दुसरीला काही कळत नाही. दोन्हींकडे जे चांगलं आहे ते एकत्र का येत नाही, हा प्रश्न लातूरकरांनी विचारायला हवा.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला. मुलाला किती समजलं आणि ते त्याला वापरता येतं का, हे सतत आणि सर्व अंगांनी पाहावं, असं त्याचं 29वं कलम सांगतं. त्याच वर्षी 20 ऑगस्टला महाराष्ट्राने शासन निर्णय काढला. निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा साधनांनी वर्षभर आकारिक मूल्यमापन करायचं आणि सत्राच्या शेवटी संकलित. पहिली-दुसरीत आकारिकला 70 टक्के भार, सातवी-आठवीत तो 40वर. लहान मुलाची लेखी परीक्षा घेण्यापेक्षा त्याच्याकडे बघा, असं हा निर्णय शिक्षकाला सांगत होता. पुस्तक उघडं ठेवून चाचणी घ्या, असंही त्यात होतं. आपल्याकडे ही मोठीच गोष्ट.

मग झालं काय? शिक्षकाच्या निरीक्षणाची नोंदवही झाली आणि नोंदवहीची तपासणी सुरू झाली. वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं दुकानात आली, पुढे त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्या. ‘स्पष्ट उच्चारात वाचतो’, ‘गटात सहभागी होतो’, ‘अक्षर सुधारणे आवश्यक’. वर्ग बदलला, गाव बदललं, तरी वाक्यं तीच. यात शिक्षकाला दोष देणं सोपं आहे. पण दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, शालेय पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीचं काम करायचं आणि वर प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाची नोंद लिहायची, म्हटल्यावर माणूस छापील वाक्याचाच आधार घेणार. ही नोंद मुलासाठी लिहिलेलीच नसते. ती तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी असते.

आता दुसरी बाजू. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि पुढे अनिरुद्ध जाधव यांच्या काळात जो लातूर पॅटर्न आकाराला आला, त्याला घोकंपट्टीचा कारखाना म्हणून मोडीत काढण्याची पुण्या-मुंबईकडे फॅशन आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्या पॅटर्नचा जीव चाचण्यांच्या संख्येत नव्हता. पेपर लगेच तपासून मुलाच्या हातात पडायचा, प्रश्न कुठे चुकला ते शिक्षक दाखवायचा आणि तोच भाग पुन्हा शिकवायचा, यात तो होता. तालुक्याच्या गावाहून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलाची चूक इतक्या गांभीर्याने त्याआधी कोणी घेतली होती? शासन निर्णयाला जे आकारिक मूल्यमापन हवं होतं, त्याचा गाभा इथे आपसूक साधला होता. तो अर्थात अरुंद होता. तीन-चार विषय, एका साच्याचे प्रश्न, एकच ध्येय. मुलगा प्रश्न विचारतो का, चारजणांत मिसळतो का, हरल्यावर सावरतो का, याला त्यात जागा नव्हती. पुढे क्लासेस वाढले, टेस्टचा निकाल रँकच्या यादीत आला आणि चुकीवर बोलायचा वेळ कमी कमी होत गेला.

रँक लावली की बोलणं का थांबतं? रूथ बटलर यांनी 1988 साली इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास इथे आठवतो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत. ज्यांना दोन्ही मिळाले, ती गुणवाल्यांसारखीच राहिली. आकडा दिसला की मूल शेजाऱ्याचा आकडा बघतं. शेरा वाचायचा राहतो. आपण पालकही तेच करतो.

तरी आकडा टाकून देता येत नाही, कारण शाळेच्या शब्दावर समाजाचा भरवसा नाही. भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे 20 गुण काढून घेतले तेव्हा, 2019मध्ये, राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10वर आला, पुढच्याच वर्षी ते गुण परत द्यावे लागले. 2021मध्ये कोरोनामुळे लेखी परीक्षा रद्द झाली, शाळांनी अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला आणि तो लागला 99.95 टक्के. तो संकटकाळ होता, हे मान्य. पण शाळेने दिलेले गुण गुणपत्रिकेत मोजले जातात म्हटलं की ते फुगतात, हे दोन्ही वेळा दिसलं. आणि शाळेवर भरवसा नाही म्हणून बाहेरची परीक्षा आणावी, तर 2024च्या नीट गैरप्रकाराचा तपास लातूरपर्यंतही आला. ज्या परीक्षेवर सगळं आयुष्य टांगलेलं, तिच्यात वाट काढणारे निघतातच.

म्हणून निवड आणि मूल्यमापन यांची फारकत करायला हवी. वैद्यकीयच्या जागा मोजक्या आहेत. त्यासाठी कडक, निःपक्ष परीक्षा हवीच. पण तिसरीतल्या पोरीला हातच्याची वजाबाकी का जमत नाही, हे शोधायला रँकचा काय उपयोग? तिची नोंद गुणांत बदलून कुठे पाठवायचीच नसेल, तर ती खरी लिहायला शिक्षकाला भीती उरणार नाही.

याची सगळ्यात जास्त गरज कोणाला आहे, तेही पाहावं. दिवाळीच्या सुमारास जळकोट, मुखेड, कंधारकडची ऊसतोडीची कुटुंबं कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्या मुलांचं दुसरं सत्र फडातच जातं. वर्षाच्या शेवटी एकदाच मोजणारी परीक्षा या पोराला फक्त मागे पडलेला ठरवते. इथे खरी नोंद कामाची: याला जोडाक्षरं वाचता येतात, भागाकार अडतो, इथून पुढे शिकवा. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. त्यावर हजेरीइतकीच अशी दोन ओळींची नोंद महत्त्वाची मानली, तर कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाई पहिल्याच दिवशी नेमकं शिकवू लागतील.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020ने समग्र प्रगती पत्रक सांगितलं आहे. त्यात मूल स्वतः, त्याचे सोबती आणि पालकही लिहिणार. दुसरीकडे पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. नव्या पत्रकाचे रकाने वाढले आणि शिक्षक तेवढेच राहिले, तर त्याच्याही तयार नोंदींची पीडीएफ निघेल. ते टाळायचं तर रकाने कमी करा, शिक्षकाला वेळ द्या आणि तपासायला आलात तर वही बाजूला ठेवून एवढंच विचारा: या नोंदीनंतर तुम्ही काय वेगळं शिकवलंत? पालकांनीही किती मिळाले हे विचारण्याआधी कुठे अडलं ते विचारावं. ज्या मूल्यमापनाने दुसऱ्या दिवशीचा पाठ बदलत नाही, ते वर्षातून एकदा करा की रोज करा, मुलाच्या काही कामाचं नाही.