उतरता उतरता पुन्हा वर

आजचे वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४४



२५ डिसेंबर २०२५ ला उलव्याच्या विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि आपल्या पनवेलकरांना मान वर करून बघायची सवय लागली. आमच्या गीतावाचनाला येणाऱ्या एक काकू परवा विमानप्रवासाची गोष्ट सांगत होत्या. "अगदी खाली आलो होतो हो, घरं दिसत होती. आणि एकदम इंजिनं गरजली, विमान परत वर! मी डोळे मिटून नाम घ्यायला लागले." थोड्या वेळाने विमान नीट उतरलं. तरी काकूंच्या मनात राहिलंच, की पायलटचं काहीतरी चुकलं असणार.

काकू, पायलटने बरोबरच केलं. विमान साधारण हजार फुटांवर आलं की वेग, उंची, चाकं, धावपट्टीची रेघ, सगळं जागच्या जागी असावं लागतं. ते जमत नसेल, आधीचं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नसेल, वारा अचानक फिरला असेल, किंवा पावसात ठरलेल्या उंचीपर्यंत येऊनही धावपट्टी दिसत नसेल, तर उतरायचा हट्ट सोडायचा. इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. याला 'गो-अराउंड' म्हणतात. वर जायची वाटसुद्धा उतरायच्या आधीच ठरवलेली असते.

हट्ट सोडला नाही तर काय होतं? २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान मंगळूरला उतरत होतं. उंची जास्त होती. सहवैमानिकाने तीनदा सुचवलं, वर चला. तरी उतरणं चालूच राहिलं, असं चौकशीत पुढे आलं. धावपट्टी संपली आणि विमान दरीत गेलं. १५८ जण गेले, फक्त ८ वाचले. गेलेल्यांना दोष द्यायला हे लिहीत नाही. अगदी जवळ आल्यावर मागे फिरणं माणसाला किती जड जातं, एवढंच सांगायचंय.

आता आजचे श्लोक बघा. अर्जुन विचारतो, श्रद्धा आहे पण मन ढळलं आणि साधना अर्धवट राहिली, तर त्या माणसाचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून जातो का? प्रश्न अर्जुनाचा असला तरी आपल्या सगळ्यांच्या पोटातला आहे. भगवंत त्याला 'तात' म्हणून प्रेमाने सांगतात, की चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. आधी केलेला अभ्यासच त्याला पुन्हा ओढून आणतो आणि तो तिथून पुढे निघतो.

विमानात दुसऱ्या विमानतळापर्यंत जाता येईल आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील, एवढं इंधन राखून ठेवतात. आपला जुना अभ्यास हे तसंच राखीव इंधन आहे. उतरणं चुकलं म्हणून ते सांडून जात नाही.

हे मी आज एका माणसासाठी लिहितोय, त्यांना विचारूनच. आठ महिने त्यांनी दारूला हात लावला नव्हता. एका लग्नात घसरले. तेव्हापासून वाचनाला येत नाहीत. म्हणतात, "आता कोणत्या तोंडाने येऊ?"

दादा, ते आठ महिने कुठे गेलेले नाहीत. वहिनी तुम्हाला परत परत सांगतायत ना, की पुरे आता, डॉक्टरांकडे चला, वाचनाला चला? त्यांचं ऐका. शेजारी बसलेल्याचं न ऐकणं किती महाग पडतं ते वर लिहिलंच आहे. आणि आमची काळजी करू नका. आमच्यातला कोण पहिल्याच फेरीत उतरलाय?

गुरुवारी या. खिडकीजवळची तुमची सतरंजीवरची जागा रिकामीच ठेवली आहे.

आजची प्रार्थना: देवा, चुकतंय हे वेळेत कळू दे, सांगणाऱ्याचं ऐकायची बुद्धी दे, आणि पुन्हा यायची लाज वाटू देऊ नकोस.

रामकृष्णहरी.